बाबांच्या पायपेटीच्या कॅसेट ऐकायला हेडफोन कोणता घेऊ?

पायपेटी (बोरी, फोंडा)

नमस्कार मंडळी,

प्रश्न हेडफोनचा आहे. पण तो कशासाठी हवा हे सांगितल्याशिवाय उपयोग नाही, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

माझे बाबा आमच्या गावच्या नाटकमंडळीत पायपेटी, म्हणजे पायांनी पेडल दाबून भाता चालवायची पेटी, वाजवायचे. दरवर्षी काल्याला, म्हणजे देवळाच्या उत्सवाला, देवळापुढच्या मांडवात संगीत नाटक व्हायचं. रात्री अकराला नांदी सुरू झाली की संपेपर्यंत उजाडायचं. बाबांची पेटी रंगमंचाच्या उजव्या अंगाला, तबला समोर. माझा चुलता कुवेतला होता. १९८४ साली सुट्टीवर येताना त्यानं एक टेपरेकॉर्डर आणला, आणि तेव्हापासून दर काल्याला तो पेटीजवळच्या खांबाला टेकवून ठेवलेला असायचा. कॅसेटची बाजू संपली की ती उलटायचं काम माझं. मी तेव्हा नऊ वर्षांचा. मांडवातली बाकीची पोरं आईच्या मांडीवर झोपलेली असायची आणि मी त्या फिरणाऱ्या रिळांकडे डोळे फाडून बघत बसायचो, फीत संपत आली हे वेळेवर कळावं म्हणून.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. या मे महिन्यात माळा साफ करताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली आला. आत एकेचाळीस कॅसेट. बाबांच्या अक्षरात साल आणि नाटकाचं नाव, काहींवर "पेटी जरा चढी" असा शेराही. तीन-चार कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसते, बाकीच्या वरून तरी ठीक आहेत. मडगावच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुना डेक घेतला, त्याचे रबरी पट्टे बदलून घेतले. डेक चालतो.

आता अडचण. ऐकायला वेळ मिळतो तो रात्रीच. आई लवकर झोपते, घर जुनं, भिंती छपरापर्यंत गेलेल्या नाहीत, एका खोलीतला आवाज सगळ्या घरात. म्हणून हेडफोन. गेल्या महिन्यात पणजीच्या एका दुकानातून बिनतारी, बाहेरचा आवाज बंद करणारा हेडफोन आणला. दुकानदारानं नव्या हिंदी सिनेमातलं एक गाणं लावून दाखवलं, छाती हलली, मी पैसे मोजले. घरी आणून बाबांची कॅसेट लावली तर डग्गा असा घुमायला लागला की सगळं नाटक कोणी पिंपात बसून करतंय असं वाटावं. गायकाचा आवाज त्या घुमण्याच्या मागं. शब्द तर लागतच नाहीत, आणि नाट्यपदात शब्दच लागले नाहीत तर राहिलं काय? दुकानदार परत घ्यायला तयार नाही, खोका उघडला म्हणतो.

दुसरी गोष्ट, हेडफोन लावल्यावर एक आवाज ऐकू येतो जो डेकच्या स्पीकरवर कळत नव्हता. हलका "धप". दोन-अडीच सेकंदांनी, मधेच थांबतो, परत सुरू होतो. जवळजवळ सगळ्याच कॅसेटवर आहे. फीत खराब झाली असेल का? हे मनाला लागून राहिलंय.

बजेट दहा-बारा हजार. मला चष्मा आहे. फोनला गोल पिनचं भोक नाही. कामाला बोरीहून फोंडा आणि तिथून कदंबाच्या शटलनं पणजी, तेव्हा बसमध्येही थोडं ऐकेन, पण मुख्य म्हणजे रात्री घरी. आणि पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातले चामडी पट्टेसुद्धा हिरवे होतात, तेव्हा ती कानाची मऊ गादी किती टिकेल हेही सांगा.

बाबांची पेटी आणि गाणाऱ्याचे शब्द एवढं स्वच्छ ऐकू आलं की झालं.


म्हापशेकर

नवा घेण्याआधी आहे त्यावर एक प्रयोग करा, फुकटातला आहे. त्या हेडफोनचं ॲप असेल, त्यात इक्वलायझर असतो. २०० हर्ट्झच्या खालचे पट्टे चार-पाच डेसिबल खाली ओढा, वरचं काही चढवू नका. बाहेरचा आवाज बंद करणारी सोय घरी रात्री बंद ठेवून बघा, पुष्कळ हेडफोनांत तिच्यामुळे सुराचा रंग बदलतो. सोबत तार आली असेल तर ती लावून थेट डेकला जोडून पाहा.

बसमध्ये मात्र तो हेडफोन टाकू नका. इंजिनाच्या घरघरीवर त्याच्याइतकं चांगलं औषध नाही. आवाज न वाढवता ऐकता येतं.


पायपेटी (बोरी, फोंडा)

धन्यवाद. काल रात्री करून पाहिलं. डग्गा पुष्कळ आवरला. शब्द आता निम्मे लागतात, पण गायकाच्या आवाजाला एक बुरखा आहेच. "श" आणि "स" सारखेच वाटतात. धप आवाज तसाच.


जत्रेतला साउंडवाला

पायपेटी बाब, तुमचं पत्र वाचलं आणि दोन वेळा वाचलं. मी गेली सत्तावीस वर्षं फोंडा आणि तिसवाडीतल्या जत्रांना, काल्यांना, सप्ताहाला साउंड लावतो. अशा कॅसेटींचे डबे घराघरात आहेत आणि बहुतेक कचऱ्यात जातात. तुम्ही उतरवून घेताय हे फार मोठं काम आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हेडफोनचं. दुकानात तुम्हाला जे ऐकवलं ते तुमचं गाणं नव्हतं. हेडफोन घ्यायला जाताना आपली फीत किंवा फाईल घेऊन जायची, हा पहिला नियम. पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर बसतो, तार षड्ज २७७ वर. त्याचे शब्द ज्या व्यंजनांनी कळतात ती २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास आणि "स", "श" त्याच्याही वर. म्हणजे नाट्यपदाचा सगळा जीव मधल्या पट्टीत. बाजारात जे खपतं ते ६० ते १०० हर्ट्झ फुगवलेलं असतं, कारण आजची गाणी तशी बनतात. ती फुगवटी वर सांडते आणि आवाजाच्या तळाला चिकटते. तुम्ही पिंप म्हणालात, बरोबर तेच.

तेव्हा तुम्हाला स्टुडिओत वापरतात तसा तारेचा, सपाट वाजणारा हेडफोन हवा. तुमच्या पैशांत माझ्या हाताखालून गेलेले तीन सांगतो. सोनी एमडीआर-७५०६, हा १९९१ पासून बाजारात आहे आणि अजून रेकॉर्डिंगवाले वापरतात. ६३ ओम, वजनाला हलका, शब्द काचेसारखे दाखवतो, पण कॅसेटची सरसरही तितकीच दाखवतो. तार काढता येत नाही. दुसरा ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स, ३५ ओम, बंद पाठीचा, तार काढता येते. तार आधी तुटते, बाकी हेडफोन नंतर, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं. तिसरा एकेजी के२४० स्टुडिओ, ५५ ओम, अर्धी उघडी पाठ, आवाज मोकळा आणि गोड. त्याचीही तार निघते.

ओम म्हणजे काय ते एका वाक्यात. तो दर्जाचा आकडा नाही, हेडफोन विजेला किती अडवतो त्याचा आहे. सेनहायझरचा एचडी ६०० तीनशे ओमचा आहे, फार सुंदर आहे, पण फोनच्या छोट्या जोडणीवर तो पोटभर वाजत नाही, त्याला वेगळा ॲम्प लागतो. पस्तीस-साठ ओमचा फोनवरही चालतो. तुमच्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणारी गोल पिनची छोटी जोडणी मिळते, तिच्यातच आकड्यांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, असते. तेवढी पुरे. कोणी महागडा डॅक, चांदीची तार वगैरे सांगितलं तर ते पैसे ठेवून द्या. साध्या कॅसेटवर १२-१४ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही उतरलेलंच नसतं, जे नाही ते कुठलंही यंत्र आणून देणार नाही.

पण बाब, तुमचा बुरखा हेडफोनचा नाही असं मला वाटतं. तो डेकच्या हेडचा आहे. कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचं हेड फितीवर ज्या कोनात टेकलेलं होतं, त्याच कोनात वाचणारं हेड टेकलं पाहिजे. केसभर तिरकं झालं की वरचे सूर मरतात, नेमके "स" आणि "श". तुमचा डेक वेगळा, चुलत्यांचा टेपरेकॉर्डर वेगळा, कोन जुळणार कसा?

हे घरी करता येतं. आधी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड पुसा. काडी तपकिरी निघेल. पांढरी निघेपर्यंत पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग हेडच्या दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू दिसतील. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो कोनाचा. तो बहुधा रंगाच्या किंवा गोंदाच्या ठिपक्यानं बंद केलेला असतो. त्याला हात लावण्याआधी त्याची खाच कुठं आहे त्याचा फोटो काढून ठेवा. कॅसेट चालू ठेवून, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र म्हणजे मोनो करून, स्क्रू अगदी थोडा, आठवा हिस्सा फिरवा. आधी सरसर बदलेल. ती धुरकट असेल तर उलट फिरवा. एक जागा अशी येते की सरसर एकदम उजळते, पावसाची पहिली सर कौलांवर आल्यासारखी, आणि गाणारा पडद्याबाहेर येतो. तिथं थांबा. चुंबक लागलेला स्क्रूड्रायव्हर हेडजवळ नेऊ नका, फीत पुसली जाते. डॉल्बीचं, म्हणजे सरसर कमी करणारं, बटण बंद, कारण तसल्या टेपरेकॉर्डरवर डॉल्बी नसायचं.

बुरशीच्या कॅसेट डेकमध्ये घालूच नका. हेडवर बुरशी बसली की ती पुढच्या सगळ्या कॅसेटला लागेल. त्या वेगळ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. त्यांचं नंतर बघू.

राहिला धप आवाज. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या एकाच चालीनं सरकते. पण रीळ भरत जातं तसा त्याचा एक फेरा लांबत जातो, रिकाम्या रिळाचा दीडेक सेकंदाचा, भरलेल्याचा तीन सेकंदांच्या वर. म्हणजे दोष रिळाचा असेल तर धप एकदम मोजून-मापून येईल आणि बाजू पुढं जाईल तसं अंतर हळूहळू बदलेल. मधेच थांबणार नाही. तुम्ही लिहिलंय की थांबतो आणि परत सुरू होतो. कागद-पेन घेऊन बसा आणि तो नक्की कधी थांबतो ते लिहून काढा. मला एक शंका आहे, पण ती तुम्ही लिहून आणल्यावर सांगतो.


काळी पाच

साउंडवाल्या काकांचं सगळं पटलं, एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे.

मी गाणं शिकते, रोज तीन-चार तास ऐकते. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये तंबोऱ्याची जवारी मला गुदमरल्यासारखी वाटते. पायपेटीच्या सुरांचंही तसंच, ते हवेत पसरणारे सूर आहेत, त्यांना जागा लागते. उघड्या किंवा अर्ध्या उघड्या पाठीचा हेडफोन लावला की गाणारा डोक्याच्या आत न बसता समोर थोडा लांब बसतो. तीन तासांनी कानही तापत नाहीत, आणि आपल्याकडच्या घामात ती लहान गोष्ट नाही. माझा कौल के२४० ला.

जुन्या रेकॉर्डिंगला भारी सामान लागत नाही हे मात्र शंभर टक्के खरं. आपल्याच तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी बघा. ७८ च्या तबकडीवरचं गाणं, साडेतीन मिनिटांचं, खालचे-वरचे सूर आजच्या मानानं कापलेले. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर तेच पाठवलं गेलं. मी ते साध्या हेडफोनवर ऐकते तेव्हाही त्यांच्या आवाजाची रुंदी अंगावर येते. मधली पट्टी खरी वाजली की पुरतं.

दादा, एक काळजीनं सांगते. रात्री शब्द पकडायच्या नादात आवाज वाढत जातो आणि कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप असं आहे: ८० डेसिबलला आठवड्याला चाळीस तास चालतं, ९० डेसिबलला फक्त चार तास. दहा डेसिबल म्हणजे बटणाची थोडीशीच चाल. तुमच्याकडे एकेचाळीस कॅसेट आहेत, म्हणजे निदान चाळीस तासांचं ऐकणं, तेही पुन्हा पुन्हा मागं नेऊन. सुरुवातीला आवाज बेताचा लावा आणि बटणाला परत हात लावू नका. दहा मिनिटांत कान स्वतःच बसतो आणि शब्द लागायला लागतात.

आणि आईंना ऐकवणार नाही का? त्यांना हेडफोन नका घालू. माझ्या आजीला घातला तेव्हा ती घाबरून गेली होती, आवाज डोक्यात येतो म्हणाली. दोन छोटे, आत ॲम्प असलेले स्पीकर घ्या, कानाच्या उंचीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढं, नाहीतर डग्गा परत घुमेल. दुपारी लावा.


जत्रेतला साउंडवाला

काळी पाच बाय, तुझं खरं आहे, के२४० चा आवाज मलाही जास्त आवडतो. पण बोरीतलं जुनं घर, वर मंगळुरी कौलं, आणि आता आषाढ. उघड्या पाठीतून तो सगळा पाऊस आत येणार. मग माणूस आवाज वाढवणार, आणि तू म्हणतेस तोच धोका. जानेवारीत विचारलं असतं तर मीही के२४० च म्हटलं असतं.

कानाच्या गादीविषयी विचारलं होतं ते राहिलं. वरचं ते चामडं नकली असतं, आपल्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत त्याची काळी पापडी निघते आणि केसांत अडकते. घाम लागला की कोरड्या फडक्यानं पुसायचं, आणि हेडफोन कपाटात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवायचा. आम्ही तांदळाचे मोठे प्लास्टिकचे डबे वापरतो. गाद्या बदलून मिळतात, त्यामुळे ज्याच्या गाद्या बाजारात सहज मिळतात असाच हेडफोन घ्या.

पायपेटी बाब, रविवारी म्हार्दोळला या. माझ्याकडे तिन्ही आहेत, तुमची कॅसेट आणि डेक घेऊन या. ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.


पायपेटी (बोरी, फोंडा)

मंडळी, उशीर झाला लिहायला, पण सगळं सांगतो.

रविवारी डेक गोणपाटात गुंडाळून, वर प्लास्टिक घालून म्हार्दोळला गेलो. धो धो पाऊस होता. साउंडवाल्या काकांनी आधी हेड पुसलं. मी घरी पुसलं होतं तरी काडी तपकिरी निघाली. मग १९८७ ची कॅसेट घातली आणि स्क्रू फिरवायला घेतला. ते डोळे मिटून फिरवत होते. त्यांनी लिहिलेली ती पावसाची सर मी स्वतः ऐकली. आधी फडकं ओढल्यासारखी सरसर, मग थोडी उजळ, मग एकदम लख्ख, आणि त्याच क्षणी गायकाचा "श" वेगळा, "स" वेगळा. मी उभाच राहिलो. हेडफोन अजून माझाच होता, तो दुकानातला! म्हणजे निम्म्याहून जास्त दोष हेडफोनचा नव्हताच. मी त्या दुकानदाराला मनात बरंच बोललो होतो. माल परत न घेण्याबद्दलचा राग आहे तो आहे, बाकीचा मागं घेतो.

मग तिन्ही हेडफोन लावून पाहिले, तेच पद, आवाज तेवढाच. सोनीवर शब्द सगळ्यात स्पष्ट, पण दहा मिनिटांत सरसरीनं कान शिणले. के२४० लावला तेव्हा काळी पाच ताईंची आठवण झाली. पेटी खरोखर लांब, डाव्या हाताला, मांडवात असावी तशी. ताई, तुमचं म्हणणं मला कानानं पटलं. पण त्याच पेटीत बाहेरची पागोळी पडत होती, थेंबन् थेंब. एम४०एक्स मध्ये पाऊस गेला, शब्द राहिले, डग्गा डग्ग्याच्या जागी. चष्म्याची काडी मात्र अर्ध्या तासात कानशिलाला रुतायला लागली. माझा जुना पातळ तारेच्या काडीचा चष्मा आहे, तो घालून परत पाहिलं, चाललं. एम४०एक्स घेतला. बजेटमध्ये बसला आणि फोनची ती छोटी जोडणीही त्यातच आली. बसमध्ये जुना बिनतारी चालू आहे, म्हापशेकर म्हणाले तसा.

उतरवून घेणंही सुरू केलंय. काकांनी एक छोटा इंटरफेस उसना दिलाय. डेकच्या लाइन आउटमधून त्यात, त्यातून लॅपटॉपवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही म्हणाले, टाळ्यांच्या वेळी सांभाळावं लागतं. मूळ फाईल तशीच ठेवायची, सरसर कमी करायची ती नकलेवर. आतापर्यंत नऊ कॅसेट झाल्या. प्रत्येक कॅसेटला स्क्रू थोडा थोडा वेगळा लागतो.

आता धप आवाजाचं. काकांनी सांगितल्याप्रमाणे तीन रात्री वही घेऊन बसलो. १९८७ च्या कॅसेटच्या पहिल्या बाजूवर धप कुठं आहे आणि कुठं नाही ते मिनिट-सेकंदासह लिहिलं. संवाद सुरू झाला की धप बंद. पद सुरू व्हायच्या दोन-तीन सेकंद आधी सुरू. तबल्याचा एकट्याचा तुकडा आला की मंदावतो, पण थांबत नाही. तान लांबली आणि पेटी भरून वाजायला लागली की धप जवळ जवळ येतात, दीड सेकंदावर. पद संपून टाळ्या पडल्या की एक शेवटचा आणि बंद. वही काकांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, "माझी शंका हीच होती. टेपरेकॉर्डर खांबाला टेकलेला, खांब रंगमंचाच्या फळ्यांत रोवलेला. फळ्यांतून पेडल आलंय. ते तुमच्या बाबांचे पाय."

फीत खराब नाही. मी मात्र तो आवाज काढून टाकायचा कसा हे शोधत बसलो होतो. ऑडॅसिटीत ८० हर्ट्झच्या खालचं कापून एक नक्कल तयारही केली होती. ती पुसली.

आईसाठी छोटे स्पीकर शेजारच्या मुलाकडून दोन दिवसांसाठी आणले होते. ताईंनी सांगितल्याप्रमाणे खुर्चीच्या उंचीच्या स्टुलांवर, भिंतीपासून पुढं. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर तेच पद लावलं. आई पाटावर बसून मिरच्यांचे देठ काढत होती. मी तिला धपविषयी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कडव्याला ती हात थांबवून म्हणाली, "ही पायाची उजवी पट्टी. तिचं चामडं गेलं होतं, लाकडावर लाकूड आपटायचं. दर काल्याला म्हणायचे, पुढच्या वर्षी करून घेतो." मग परत देठ काढायला लागली. पद संपल्यावर म्हणाली, परत लाव.

मी वही काढून पाहिली. धप खरोखर एका पायाचेच असणार, एकाआड एक. दुसऱ्या पायाचा आवाजच नाही.

स्पीकर आता विकतच घेतो, कोणते ते काका सांगणार आहेत. बुरशीच्या चार कॅसेट डब्यात आहेत, त्यांचंही काकाच बघतील.

अजून एक विचारायचं आहे. बाबांची पायपेटी घरातच आहे, पडवीत, चादर घालून ठेवलेली. सूर बहुतेक सगळे वाजतात, भाता थोडा गळतो, उजव्या पेडलचं चामडं अजून तसंच आहे. चवथीला घर भरणार आहे, तेव्हा हलवता येणार नाही, पण त्यानंतर ती दुरुस्त करून घ्यायची आहे. पायपेटीचं चामडं आणि भाता करणारा कोणी जुना कारागीर फोंडा, डिचोली किंवा सावंतवाडीकडे माहीत असेल तर कृपया सांगा. घरी येऊन बघणारा असेल तर उत्तम, पेटी जड आहे.

देव बरें करूं.